फॉरमॅटला हो म्हणण्याआधी

माझ्या लॅपटॉपचा आवाज गेला तो गणपतीच्या आदल्या आठवड्यात. आमच्या आगाशीत त्या दिवसांत बरणीतलं मीठसुद्धा पाणी सोडतं, अर्नाळ्याच्या समुद्राकडून येणारा वारा अंगाला चिकटतो. पण त्या हवेचा लॅपटॉपशी काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही. यूट्यूब लावलं, चित्र हलतंय, आवाज नाही. स्पीकरच्या चिन्हावर फुली नाही, आवाज पूर्ण १०० वर. दोनदा बंद करून चालू केला. मुका तो मुकाच.

दुसऱ्या दिवशी तो विरारला एका दुकानात नेला. पाच मिनिटं बघून दुकानदार म्हणाले, "विंडोज खराब झालंय ताई, फॉरमॅट मारावं लागेल. डेटा आहे का काही?" मी घाईत होते. "फोटो गूगलवर आहेत," एवढंच म्हटलं. डेस्कटॉपवर 'आत्या' नावाचं फोल्डर आहे, हे तोंडातून निघालंच नाही.

त्या फोल्डरमध्ये ४३ रेकॉर्डिंग होती. वाडवळी लग्नांत आत्या म्हणायची ती हळदीची आणि मांडवाची गाणी. दोन उन्हाळे तिच्या पडवीत बसून मी ती लॅपटॉपवर घेतली होती. मध्येच ती थांबायची, पुढचं कडवं आठवेपर्यंत सुपातले तांदूळ चाळवत राहायची. तो आवाजही त्यात आला होता. आत्याला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

संध्याकाळी लॅपटॉप परत मिळाला, कोरा करकरीत. आवाज तेव्हाही नव्हता. "मग मदरबोर्डच बदलावा लागेल," असं उत्तर मिळालं.

गणपतीला आलेल्या भाच्याने सहज स्वतःचा इअरफोन लावला आणि त्यात खणखणीत आवाज आला. काढला की स्पीकर पुन्हा गप्प. म्हणजे विंडोज धड होतं, आवाजाची चिपही धड होती. बिघाड होता तो हेडफोन लावायच्या भोकात. त्याच्या आत एक बारीक पाती असते. पिन घुसली की ती हलते आणि लॅपटॉपला कळतं की हेडफोन लागलाय, आता स्पीकर बंद करायचे. खाऱ्या दमट हवेने ती पाती गंजली किंवा अडकली, की पिन काढल्यावरही लॅपटॉप हेडफोन लागलेलाच धरून चालतो. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून भाच्याने पिन वीसेक वेळा आत-बाहेर केली. मग मऊ ब्रशच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम एक थेंब घेऊन भोक पुसलं आणि रात्रभर वाळू दिलं. सकाळी आरतीच्या वेळी लॅपटॉप बोलला.

म्हणून सांगते, आवाज गेला की आधी इअरफोन लावून बघा. त्यात आवाज आला, तर फॉरमॅटचं नाव काढू नका. खोट जॅकमध्ये, स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत असण्याचाच संभव जास्त. भोकात सुई किंवा टाचणी मात्र घालू नका, पाती वाकली की काम वाढतं.

इअरफोनमध्येही आवाज नसेल, तर साउंड सेटिंग्जमध्ये जाऊन आउटपुट कुठे निवडलंय ते बघा. लॅपटॉप कधी टीव्हीला जोडला असेल किंवा ब्लूटूथचा स्पीकर दुसऱ्या खोलीत चालू राहिला असेल, तर आवाज तिकडे जात असतो. एकाच ॲपचा आवाज गेला असेल, तर व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्याची पट्टी खाली आलेली सापडते. ब्राउझरमधला एखादा टॅबही चुकून म्यूट झालेला असतो.

खोट विंडोजमध्ये असती, तरी मी दोनदा बंद-चालू केलं त्याचा उपयोग का झाला नसता, तेही नंतर कळलं. विंडोज १० आणि ११ मध्ये 'शटडाउन' केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर मग तसाच राहू शकतो. 'रीस्टार्ट' केलं तरच सगळं नव्याने सुरू होतं. त्यानेही भागलं नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमधून आवाजाचं उपकरण अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, विंडोज बहुतेक वेळा ते परत बसवतं. बिघाड अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर तिथेच 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं. एवढं करूनही शंका राहिली, तर उबंटूचा पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप त्यावरून चालवता येतो. काही इन्स्टॉल करावं लागत नाही. तिथे आवाज आला की यंत्र ठीक, गडबड विंडोजमध्ये.

दुकानात जायची वेळ आलीच, तर दारातून बाहेर पडण्याआधी सगळ्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. 'डेटा आहे का' या प्रश्नाला आठवून उत्तर देऊ नका; डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स उघडून डोळ्यांनी बघा. नंतर काढून मिळेल या भरवशावर मीही होते. पण माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे. पुसलेली जागा तो आपणहून रिकामी करून टाकतो, त्यामुळे फॉरमॅटनंतर त्यातून काही परत मिळणं जवळपास अशक्य. दोन ठिकाणी दाखवलं, दोघांनी हात वर केले.

४३ पैकी ११ गाणी वाचली, कारण ती मी कधीतरी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. बाकीची आत्याच्या बरोबरीच्या, आगाशीतल्याच एका आजींना अर्धीमुर्धी येतात. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाते. रेकॉर्डिंग फोनवर घेते, घरी आल्या आल्या हार्ड डिस्कवर चढवते, आणि ती हार्ड डिस्क घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते.