बांदा आचेहची जियारत : नियत काय असावी?

इंडोनेशियातील बांदा आचेह या किनारी शहरात जाणारा प्रवासी त्सुनामीचे स्मारक पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी समुद्रतळाशी झालेल्या प्रचंड भूकंपानंतर लाटा उसळल्या आणि एकट्या आचेह प्रांतात दीड लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथील संग्रहालयात विहिरीसारखे उंच, गोलाकार दालन आहे. त्याच्या भिंतींवर मृतांची नावे आहेत, आणि मान वर केली की माथ्याशी प्रकाशात ‘अल्लाह’ हे नाव दिसते. शहराबाहेर सिरोन येथील सामूहिक कब्रस्तानात सुमारे ४६ हजार मृत विसावले आहेत.

अशा ठिकाणी आपण काय नियत घेऊन उभे राहावे? ते लोक पापात बुडाले होते म्हणून समुद्राने त्यांना गिळले, असे म्हणणारे आपल्यातही आढळतात. आधाराला हिज्रची हदीस दिली जाते. तबूकच्या मोहिमेत समूद लोकांच्या उजाड वस्तीजवळून जाताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना बजावले होते की, येथे शिरायचे तर रडतच शिरावे. हदीस सहीह आहे. तिचा हा वापर मात्र चुकीचा आहे. समूदवर अजाब आला हे आपल्याला कुरआनमुळे कळते. आचेहविषयी तसे सांगणारी वही कोणावर उतरली? उलट, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत शहिदांचे पाच प्रकार सांगणारी हदीस आहे. पाण्यात बुडून मरणारा आणि ढिगाऱ्याखाली दबून मरणारा हे दोघेही त्यांत येतात. ज्यांच्याविषयी शहादतीची आशा धरायची, त्यांना अपराधी ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आईच्या कुशीतून निसटलेल्या तान्ह्या बाळाचा अपराध तो कोणता?

बैतुर्रहमान मशीद उभी राहिली, तिच्यात वाचलेल्यांनी आसरा घेतला. त्याबद्दल शुक्र अदा करावा. परंतु मशिदीही अनेक कोसळल्या, हे विसरून शेजारच्या घरांवर निकाल देऊ नये.

या भूमीकडून शिकण्यासारखे आणखी एक आहे. याच प्रांतातील सिमेउलुए बेट भूकंपाच्या केंद्राजवळ होते. १९०७ च्या लाटांनंतर तेथील वडीलधारी माणसे नातवंडांना सांगत आली की, जमीन जोराने हलली आणि पाणी मागे हटले की टेकडी गाठावी. सुमारे ऐंशी हजार वस्तीच्या त्या बेटावर अवघे सात जण दगावले. असे धावणे तवक्कुलच्या विरुद्ध नव्हे काय? प्लेगची वार्ता ऐकून शामच्या वाटेवरून परतणाऱ्या हजरत उमर (रजि.) यांनाही हेच विचारले गेले होते. आपण अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. कोकणातील आपल्या घरांतही मुलांना हे सांगितले जावे. १९४५ साली मकरानच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या.

सिरोनला जाणे घडलेच, तर इतर कोणत्याही कब्रस्तानात म्हणतो तसा प्रथम सलाम म्हणावा, आवाज खाली ठेवावा, छायाचित्रांचा मोह आवरावा आणि ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी मगफिरतची दुआ मागावी.