हेरकथेला रिव्ह्यू हवेत? मग नातेवाईकांना आधी बाजूला ठेवा

व्हिडिओत हा विषय घाईत उरकला, म्हणून इथे नीट बोलूया. समजा, तुम्ही स्वतःच्या खर्चाने कादंबरी छापलीय. १९७१ च्या युद्धातली हेरकथा. घरात पुस्तकांचे गठ्ठे पडलेत आणि ऑनलाइन पेजवर सहा रिव्ह्यू आहेत. सहाही फाइव्ह स्टार, आणि चौघांचं आडनाव तुमचंच! विकत घेणारा माणूस हे लगेच ओळखतो हो.

ॲमेझॉनच्या नियमात घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचे रिव्ह्यू बसत नाहीत, पैसे देऊन घेतलेले तर नाहीतच. भारतीय मानक ब्युरोचं २०२२ चं आयएस १९००० हे मानकही विकत घेतलेल्या रिव्ह्यूंच्या विरोधातच आहे. त्यामुळे 'इतक्या रुपयांत पन्नास रिव्ह्यू' वाल्यांना सरळ ब्लॉक करा. पण पुस्तकाची कॉपी वाचायला आधी फुकट देणं चालतं. २०१६ मध्ये ॲमेझॉनने फुकट वस्तूच्या बदल्यात रिव्ह्यू घेणं बंद केलं, तेव्हा पुस्तकांच्या आगाऊ कॉपींना मोकळीक ठेवली. 'रिव्ह्यू लिहाच' किंवा 'चांगलाच लिहा' अशी अट मात्र घालायची नाही.

आता कॉपी द्यायची कुणाला? इथेच खरं काम आहे.

इयान फ्लेमिंग, जेम्स बाँडचा लेखक, स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तचर विभागात होता. तरीही १९५६ मध्ये जेफ्री बूथरॉइड नावाच्या बंदुकांच्या जाणकार वाचकाने त्याला पत्र लिहिलं की, बाँडची बेरेटा ही बाईमाणसाची बंदूक वाटते. फ्लेमिंग चिडला नाही. १९५८ च्या 'डॉक्टर नो' मध्ये बाँडच्या हातात वॉल्थर पीपीके आली, आणि ती बदलायला लावणाऱ्या शस्त्रतज्ज्ञाचं नाव मेजर बूथरॉइड ठेवलं! आमच्या दुकानातही काउंटरवर भांडणारं गिऱ्हाईक परत येतं. गप्प निघून जाणारं शेजारच्या दुकानात दिसतं.

तुमचा बूथरॉइड शोधा, तोही छपाईच्या आधी. सातारा-कोल्हापूरकडे गावोगावी निवृत्त फौजी आहेत. पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला तो ३ डिसेंबरच्या संध्याकाळी. तुमचा नायक ती बातमी दुपारच्या चहाला ऐकत असेल, तर सुभेदार साहेब पहिल्या फटक्यात पकडतील. छापून झाल्यावर हीच चूक पब्लिक रिव्ह्यूमध्ये निघते, आणि ती तिथेच राहते.

छापल्यानंतरचे वाचक वेगळे. ज्यांना 'राझी' आवडला, ज्यांनी तो ज्या कादंबरीवर बेतलाय ती हरिंदर सिक्का यांची 'कॉलिंग सेहमत' वाचलीय, अशांना गाठा. लायब्ररीत रहस्यकथांच्या कपाटापाशी रेंगाळणारी माणसं ग्रंथपालांना बरोबर ठाऊक असतात. पाककृती आवडीने वाचणाऱ्या मावशींना प्रेमापोटी कॉपी द्या, पण रिव्ह्यूची आशा ठेवू नका.

मेसेज छोटा असू द्या: "नमस्कार काका, १९७१ वर हेरकथा लिहिलीय. कॉपी पाठवू का? वाचून जे वाटेल ते लिहा, नाही आवडली तरी चालेल. फक्त शेवट फोडू नका." हे शेवटचं वाक्य विसरायचं नाही. डबल एजंट कोण हे एकाने लिहून टाकलं, की पुढच्याने पुस्तक कशाला घ्यायचं?

"कसं वाटलं?" विचारलंत तर "छान" एवढंच येतं. त्यापेक्षा विचारा: गद्दार कोण हे कुठल्या पानावर कळलं? पुस्तक कुठे खाली ठेवावंसं वाटलं? उत्तर आलं की म्हणा, "काका, हेच जरा पेजवर टाकाल का?" बऱ्याच जणांना काय लिहायचं हेच सुचत नसतं, इथे ते आयतं तयार असतं.

पंचवीस कॉपी दिल्यात आणि आठ-दहा रिव्ह्यू आले, तर मी खूश होईन. तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा, मग थांबा. आणि तीन स्टार दिसले म्हणून फोन करून वाद घालू नका. गुडरीड्सवर तीन स्टारचा अर्थच 'आवडलं' असा आहे.