निकामी डिस्क बदलताना

कचेरीतील जमिनीचे दप्तर पूर्वी कापडी बासनात बांधून ठेवलेले असे. आज त्यातील बऱ्याच नोंदी सर्व्हर या मध्यवर्ती संगणकाच्या डिस्कवर असतात. बासनाला वाळवीचे भय असे. डिस्कला झिजेचे असते. फिरत्या डिस्कमधील तबकड्या सर्वसाधारणपणे मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. असे यंत्र केव्हातरी निकामी होणारच, हे गृहीत धरून व्यवस्था लावावी लागते.

जोड डिस्कची योजना

युनिक्स प्रणालीचा प्रारंभ १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. अनेक डिस्क एकत्र जोडून एकीची उणीव इतरांनी भरून काढावी, या ‘रेड’ योजनेची पद्धतशीर मांडणी पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली केली. हिचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे ‘मिरर’, अर्थात आरसा. यात तोच मजकूर दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिला जातो. एक बंद पडली तरी दुसरीवर कामकाज चालू राहते. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने २००५ साली खुल्या केलेल्या झेडएफएस व्यवस्थेतही ही सोय आहे.

बदलण्याचा क्रम

‘झेडपूल स्टेटस’ ही आज्ञा दिली असता कोणती डिस्क सदोष आहे ते दिसते. या वेळी सर्व भार उरलेल्या एकाच डिस्कवर असतो. म्हणून प्रथम दप्तराची ताजी प्रत अन्यत्र काढून घ्यावी.

यानंतरची पायरी सर्वांत जोखमीची होय. घाईत सदोष डिस्कऐवजी चांगली डिस्क ओढली गेल्यास कामकाज तत्काळ ठप्प होते व चालू नोंदी धोक्यात येतात. प्रणालीने दिलेले डिस्कचे नाव यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकते; कारखान्यात छापलेला अनुक्रमांक मात्र बदलत नाही. तो पडद्यावर पाहून डिस्कवरील क्रमांकाशी ताडून घ्यावा. चालू यंत्रात डिस्क बदलण्याची सोय नसेल, तर सर्व्हर रीतसर बंद करावा.

नवी डिस्क जुनीइतक्या किंवा अधिक क्षमतेची असावी. ती बसवून ‘झेडपूल रिप्लेस’ ही आज्ञा द्यावी. मग चांगल्या डिस्कवरील मजकूर नवीवर उतरू लागतो. यास ‘रिसिल्व्हरिंग’, म्हणजे आरशाला पुन्हा पारा चढविणे, असे म्हणतात. मजकूर जितका अधिक, तितका वेळ अधिक लागतो. हे काम पुरे झाल्यावर ‘स्क्रब’ आज्ञेने साऱ्या मजकुराची तपासणी करावी.

दोन सूचना

आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकीने पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून एकदमच नाहीशी होते. तेव्हा वेगळ्या ठिकाणची प्रत हवीच. तसेच काढलेली डिस्क भंगारात देऊ नये. तिच्यावर नागरिकांची माहिती शिल्लक असू शकते. ती रीतसर नष्ट करून नोंदवहीत तशी नोंद घ्यावी. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक व तिची जागा याच वहीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवल्यास ऐनवेळी शोधाशोध करावी लागत नाही.