भाषेचा हक्क आणि भावाचे मन



पेन्टेकॉस्टच्या दिवशी येरुशलेममध्ये जमलेल्या प्रत्येकाला शुभवार्ता आपापल्या भाषेत ऐकू आली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय २). सर्वांना एकच भाषा बोलायला लावून देवाने एकी साधली नाही. आजच्या पाठात आपण शेजारच्या गोव्याच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरण टळले, पण भाषेचा वाद मिटला नाही. ‘कोकणी ही मराठीची बोली’ असे म्हटले की कोकणी माणूस दुखावे. ‘मराठी परकी’ म्हटले की पिढ्यानपिढ्या मराठीत भजन-कीर्तन करणारा गोवेकर दुखावे. १९८६ च्या आंदोलनात माणसांचे प्राणही गेले. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराला मुभा मिळाली. मात्र रोमी लिपीत प्रार्थना वाचणाऱ्या अनेक ख्रिस्ती लोकांना आपण वगळलो गेल्याची खंत राहिली.

दक्षिण आफ्रिकेत १६ जून १९७६ रोजी सोवेटोचे कृष्णवर्णीय विद्यार्थी शाळांतील आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पण केपमधील अनेक मिश्रवंशीय ख्रिस्ती आणि मुसलमान घरांची मायबोली तीच आहे. एकोणिसाव्या शतकात ती अरबी लिपीतही लिहिली गेली. दोष भाषेचा नव्हता, सक्तीचा होता.

आपल्या भाषेसाठी झटणे हे पाप नव्हे, कर्तव्यच आहे. पण हक्क मागणे वेगळे आणि वर्चस्व गाजवणे वेगळे. १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज होते. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० साली. दोन्हींपैकी एकही त्यांची मायबोली नव्हती. एका भाषेवर प्रेम करण्यासाठी दुसरीचा द्वेष करावा लागत नाही, हे त्यांच्या कामातून आपण शिकतो.

मिरकरवाड्याच्या बंदरावर मराठी, मुसलमान बांधवांची कोकणी, होड्यांवरच्या खलाशांची नेपाळी, सारे कानी पडते. कुणाच्या उच्चाराला आपण हसतो का? घरातल्या बोलीची मुलांना लाज वाटेल असे बोलतो का?

या आठवड्यासाठी: घरातील वडीलधाऱ्यांकडून त्यांच्या बोलीतील एक प्रार्थना मुलांना शिकवावी. आणि ज्याची बोली वेगळी आहे अशा एका शेजाऱ्याची त्याच्याच बोलीत विचारपूस करावी.

आपले धर्मगुरू