आधी काटा बघ, मग कॅटलॉग

अगं, पहिलाच न्यूमॅटिक सिलिंडर निवडायला मिळालाय आणि तू कॅटलॉग उघडून बसलीयस, हो ना? जरा मिट तो. आधी मशीनपाशी जाऊन प्रेशर गेजचा काटा बघ. सकाळी नको, दुसऱ्या शिफ्टला, सगळ्या लाइन चालू असताना.

माझी चूक सांगते. 80 किलोचं फिक्श्चर खालून वर उचलायचं होतं. 50 मिमी बोअर, 6 बार, म्हणजे साधारण 120 किलोचा जोर. भरपूर झाला, असं वाटलं मला. पण 6 बार होते कॉम्प्रेसरपाशी. संध्याकाळी मशीनपर्यंत 4.5 च यायचे. जोर 90 वर आला, त्यातून सीलचं आणि गाइडचं घर्षण वजा. फिक्श्चर अर्ध्यातच अडकलं आणि ऑपरेटर दादांनी ते ढकलायला खाली हात घातला. काही झालं नाही गं, पण तो हात मला अजून दिसतो.

म्हणून सांगते, मिळणारं सगळ्यात कमी प्रेशर धरूनच हिशेब कर आणि भार त्या जोराच्या 60 टक्क्यांच्या आत ठेव. 63 चा बोअर 4.5 बारलाही 140 किलो देतो. आम्ही शेवटी तोच बसवला. भीतीपोटी थेट 100 चा मात्र घेऊ नकोस. प्रत्येक फेरीला तो कितीतरी जास्त हवा खातो, आणि ती हवा विजेच्या बिलातूनच येते. ओढायचं काम असेल तर रॉडनं व्यापलेली जागा वजा कर. 50 च्या बोअरला 20 चा रॉड असला की 120 चे 100 होतात.

रॉडवर आडवा भार येऊ देऊ नकोस, वेगळं गाइड दे. नाहीतर बुश झिजतो, हवा गळते आणि लोक सीलला नावं ठेवत बसतात. भट्टीजवळ असेल तर व्हायटॉनचीच सील माग.

आणि हवा अचानक गेली तर? उभा भार खाली येणार. रॉड लॉक घे, शिवाय दुरुस्तीच्या वेळी भार अडवायला जाड पिनेची सोय ड्रॉइंगमध्येच दाखव. साहेब खर्चाचं बोलतील. तेव्हा गप्प बसू नकोस, तिथे कुणाचा तरी हात जाणार आहे हे त्यांना स्पष्ट सांग.

रविवारी येतेयस ना? ड्रॉइंग आण, आणि गेजवरचा संध्याकाळचा आकडा लिहून आण.