आजीच्या पेटीतले कागद



तुमच्या घरी आजीची जुनी लोखंडी पेटी आहे का? असल्यास तिच्यासोबत बसून एकदा उघडून पाहा. लग्नातील आहेराची वही, शेतसाऱ्याच्या पावत्या, मुलांच्या जन्मवेळा टिपलेले पंचांग, नागपूर-वरुडच्या सोयऱ्यांची ‘सा. न. वि. वि.’ने सुरू होणारी पोस्टकार्डे. आपण याला रद्दी म्हणतो. खरे तर ते आपल्या भागाचे दप्तर आहे.

पांढुर्णा-सौसरचा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले. आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून कचेरीचे कागद हिंदीत आणि घरचे मराठीत. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, सौसर त्यात आले, तरी ही स्थिती तीच आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी काय पेरले, मुलगी कोठे दिली, दुष्काळात कसे भागवले, हे त्यांच्याच भाषेत वाचायचे तर घरचेच कागद हवेत.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) गावोगाव फिरून असेच घराघरांतील कागद मिळवीत. १८९८ मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, त्यात पानिपतच्या काळातील पत्रे आहेत. ती मोडीत होती. पुढे छपाईला सोयीची देवनागरी सर्वत्र आली, मोडी शाळांतून गेली, आणि पणजोबांचे अक्षर नातवंडांना वाचता येईना. आज पत्रांची जागा मोबाईलने घेतली आहे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आजोबांचे वळणदार अक्षर लावणारेही आता घरात एक-दोघेच उरले आहेत.

कागद कसे जपावेत?

१. टाचण्या, पिना काढा. त्या गंजून कागद खातात.
२. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. त्यात अडकलेला कागद पुन्हा सुटत नाही.
३. घड्या हळूच उलगडा. कागद धुतलेल्या सुती कापडात बांधून कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा. पावसाळ्यानंतर कसर-वाळवी पाहा.
४. दुकानाच्या यंत्रातील गुळगुळीत पावतीची अक्षरे काही काळाने उडतात. हवी असल्यास तिची झेरॉक्स काढा.
५. मोबाईलने फोटो घ्या, पण मूळ कागद फेकू नका.
६. सर्वांत महत्त्वाचे: कोणी, कोणाला, केव्हा लिहिले, हे आजी-आजोबांना विचारून वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहा व सोबत ठेवा. नावगाव नसलेले पत्र पुढच्या पिढीला मुकेच.

उपक्रम: घरातील एक जुने पत्र आजोबांकडून वाचून घ्या आणि आपल्या अक्षरात उतरवून वर्गात आणा. मूळ पत्र घरीच राहू द्या. घरगुती गोष्टी असतील तर पालकांना आधी विचारा.

पालकांनी दिवाळीच्या सफाईत पेटी रिकामी करण्यापूर्वी एकदा मुलांना जवळ बसवावे. विश्वस्त मंडळींनी या नकलांसाठी शाळेत एक कपाट व एक नोंदवही द्यावी, ही विनंती. कागद उद्याही जपता येईल. पण तो वाचून दाखवणारे आजोबा आज आहेत.