गिऱ्हाईक खोटे बोलते तेव्हा



आपल्या धर्मग्रामातील किती तरुण-तरुणी आज काउंटरमागे उभ्या राहून घर चालवतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. वसई, नालासोपारा, विरारची कपड्यांची दुकाने, मॉलमधली बुटांची आणि सौंदर्यप्रसाधनांची दालने, औषधांची दुकाने, बेकऱ्या, मोबाइलची दुकाने. शिवाय सकाळची लोकल पकडून अंधेरी-दादरला जाणारे वेगळेच. त्यांच्या आजी-आजोबांनी दूध, भाजी आणि फुले मुंबईला नेऊन विकली. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे काय चीज असते, हे आपल्या घरांना नव्याने सांगायला नको. फरक एवढाच, की टोपली स्वतःची होती तेव्हा आजी एखाद्या कटकट्या बाईला "पुढे जा बाय, मला नाही परवडत" असे सांगू शकत होती. महिन्याच्या पगारावर उभ्या असलेल्या नातीला ते सांगता येत नाही.

आजच्या पाठात आपण या नातीचा प्रश्न घेणार आहोत. समोरचे गिऱ्हाईक उघडउघड खोटे बोलत आहे, वर आवाज चढवत आहे, आणि आपल्यामागे रांग उभी आहे. अशा वेळी ख्रिस्ती माणसाने काय करावे? गप्प बसून सोसणे हेच ख्रिस्ती वागणे, असे आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटते. मला ते पटत नाही.

गिऱ्हाईक नेहमीच बरोबर?

"गिऱ्हाईक नेहमी बरोबर असते" हे वचन बायबलमधले नाही, हे आधी लक्षात घेऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागो आणि लंडनच्या मोठ्या दुकानांतून ते जगभर पसरले. शिकागोचे मार्शल फील्ड आणि १९०९ साली लंडनमध्ये आपले प्रचंड दुकान उघडणारे सेल्फ्रिज यांची नावे त्याच्याशी जोडली जातात. त्या काळी वाईट माल गळ्यात बांधायचा आणि नंतर हात वर करायचे, ही बाजाराची सर्रास रीत होती. विकणाऱ्याच्या लबाडीवर उतारा म्हणून हे वचन आले. तेवढ्यापुरते ते चांगलेच होते. पण उतारा रोज जेवणासारखा घेऊ लागलो तर काय होणार? आज तेच वाक्य ऐकवून एखादा गृहस्थ बिल नसताना पैसे परत मागतो.

बायबलमध्येही बहुतेक इशारे विकणाऱ्याला आहेत. खोटी वजने, खोटी मापे यांच्याविरुद्ध लेवीय (१९:३५-३६) आणि अनुवाद (२५:१३-१५) बोलतात, आमोस संदेष्टा तर (८:५) व्यापाऱ्यांवर आगपाखड करतो. म्हणून आपला समज होतो की सातवी आज्ञा दुकानदारासाठी आहे आणि आपण पिशवी घेऊन गेलो की सुटलो. कृपया घरी बायबल उघडून नीतिसूत्रे २०:१४ वाचा. तिथे खरेदी करणारा माणूस दिसतो. विकत घेताना तो मालाला नावे ठेवतो आणि घरी जाताना आपण कसे स्वस्तात पटकावले याची फुशारकी मारतो. किती ओळखीचे चित्र आहे! सिराखच्या ग्रंथकर्त्याला (२७:२) तर पाप खरेदी आणि विक्री यांच्या मधल्या फटीत बसलेले दिसते. म्हणजे काउंटरच्या एकाच बाजूला नव्हे.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद २४०९) दुसऱ्याची वस्तू अन्यायाने घेणे वा ठेवून घेणे, ते देशाच्या कायद्यात बसत असले तरी, सातव्या आज्ञेविरुद्ध धरले आहे. पोलीस पकडणार नाहीत एवढ्याने ते काम निर्दोष होत नाही.

घातलेला ड्रेस परत येतो

दुकानात काम करणाऱ्या कोणालाही विचारा, लग्नाचा मोसम संपला की परतीचा मोसम सुरू होतो. शनिवारी नेलेला भारी ड्रेस सोमवारी परत येतो. "मापात बसत नाही हो, घातलाच नाही." टॅगचा प्लास्टिकचा दोरा कापून पुन्हा गाठ मारलेली असते. काखेत घामाचा डाग, गळ्याला पावडर, आणि पिशवी उघडली की सेंटचा वास. बूट असतील तर तळव्याला हॉलच्या अंगणातली माती. मुलीला सगळे दिसते. पण ड्रेस घेतला तर संध्याकाळी मॅनेजर विचारणार, "हा माल आता कोण घेणार? घेतलास कशाला?" आणि नाही घेतला तर समोरची बाई ओरडणार, "मॅनेजरला बोलव!" पुष्कळदा मॅनेजर येतो आणि भांडण नको म्हणून मुलीच्या देखत सांगतो, "दे बदलून." खोटे जिंकले, आणि खरे बोलणारी चारचौघांत खोटी पडली. हा अपमान घेऊन ती रात्री साडेदहाच्या लोकलने घरी येते. आपण विचारतो, "जेवलीस का?" ती हो म्हणते आणि झोपते.

इथे आधी एक भेद केला पाहिजे, कारण दुकानेही काही कमी लबाड नसतात. माल खरोखर सदोष असेल तर तो परत घ्यायला नकार देणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यावे लागतात. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच. तेव्हा शिवण उसवलेला ड्रेस घेऊन आलेल्या बाईकडे चोराकडे बघावे तसे बघू नका. तिचे म्हणणे ऐका आणि तोंड वाकडे न करता माल घ्या. रंग आवडला नाही, मन बदलले, ही वेगळी गोष्ट. तिथे दुकानाचा नियम चालतो. वापरून झाल्यावर फुकटात परत करणे मात्र या दोन्हींत बसत नाही. ते भाडे न देता भाड्याने नेणे आहे.

मग बोलायचे कसे? माणसाबद्दल बोलू नका, वस्तूबद्दल बोला. "तुम्ही खोटे बोलता" हे वाक्य खरे असले तरी त्याने आग लागते, आणि तुमच्या हाती काही पुरावा उरत नाही. त्याऐवजी सांगता येते: "मॅडम, टॅग कापलेला आहे आणि इथे डाग आहे. असा माल परत घेण्याची मला परवानगी नाही." यात एकही शब्द खोटा नाही, एकही शब्द अपमानाचा नाही. हेच वाक्य दुसऱ्यांदा त्याच आवाजात म्हणा. तिसऱ्यांदा मॅनेजरला बोलवा आणि वस्तू त्यांच्या हातात द्या. निर्णय त्यांनी घ्यावा. डाग तुम्ही दाखवलात, तुमचे काम झाले. आणि एक सांभाळा: सुटका व्हावी म्हणून "आमचा कॉम्प्युटर बंद आहे" असले काही सांगू नका. समोरच्याच्या खोटेपणाला आपले खोटे जोडले की काउंटरच्या दोन्ही बाजू सारख्याच झाल्या.

"पण प्रभू येशूने दुसरा गाल पुढे करायला सांगितले ना?" हो, सांगितले. परंतु योहानच्या शुभवर्तमानात (१८:१९-२३) प्रमुख याजकापुढे उभे असताना एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली, तेव्हा तो काय करतो ते बघा. तो उलट मारत नाही, शिव्याही देत नाही. पण तो गप्पही राहत नाही. माझे चुकले असेल तर काय चुकले ते दाखव, आणि चुकले नसेल तर मारतोस का, अशा अर्थाचा सरळ प्रश्न तो त्या शिपायाला विचारतो. बांधलेल्या हातांनी आणि शांत आवाजात तो पुरावा मागतो. सूड न घेणे आणि खोट्याला मान डोलावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते.

याच्याच जोडीला याकोबच्या पत्रातील दुसरा अध्याय (२:१-४) वाचावा. कपडे पाहून माणसाची पारख करण्याची खोड दुकानात फार असते. घरकामाच्या साडीतली बाई आत आली की रखवालदार तिच्यामागे फिरतो, आणि हातभर बांगड्या घातलेली बाई घातलेला ड्रेस परत करून जाते. कोणावर चोरीचा संशय आलाच तर अंगाला हात लावू नये. झडती घेणे हे पोलिसांचे काम आहे आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते.

गल्ल्याजवळ

गल्ल्यावर बसणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. "मी पाचशेची दिली होती" हा वाद टाळण्याचा जुना उपाय आजही उत्तम आहे. नोट हातात घेताच मोठ्याने म्हणा, "दोनशे." सुट्टे मोजून देईपर्यंत ती नोट गल्ल्यात टाकू नका, वरच ठेवा. यूपीआय २०१६ साली आले आणि त्याबरोबर नवी लबाडीही आली. गिऱ्हाईक मोबाइलवर हिरवी खूण दाखवते आणि चालू लागते. ती खूण जुन्या व्यवहाराचा फोटो असू शकते किंवा नकली अॅपमधलीही. पैसे आले की नाहीत हे त्याच्या मोबाइलवर बघायचेच नसते. दुकानाच्या अॅपवर, बँकेच्या संदेशात किंवा बोलणाऱ्या डब्यावर खात्री झाली की मगच माल द्या. "एक मिनिट थांबा काका, आवाज येऊ दे" असे म्हणण्यात कोणाचाही अपमान नाही. प्रामाणिक माणूस थांबतो.

आपलाच माणूस

सर्वांत अवघड गिऱ्हाईक परके नसते. ते आपल्या वाडीतले, आपल्या ओळखीचे, कधी मिस्साला शेजारच्या बाकावर बसणारे असते. "तू आत आहेस ना, जमव की काहीतरी." कर्मचाऱ्यांना मिळणारी सवलत मावशीच्या खरेदीवर लावायची, चार वस्तूंतल्या तीनच स्कॅन करायच्या, सेल लागायच्या आधी माल दडवून ठेवायचा. मुलाने नाही म्हटले की लगेच, "मोठा झाला, माणसे विसरला!" अनोळखी गिऱ्हाइकाचा आवाज दहा मिनिटांत संपतो. मावशीचा रुसवा नाताळपर्यंत चालतो.

मी इथे मुलाच्या बाजूने उभा आहे आणि मावशीला स्पष्ट सांगतो: तुम्ही त्याच्याकडे सवलत मागत नाही, त्याची नोकरी मागता. हल्ली कॅमेरा काउंटरच्या वर असतो आणि तो गिऱ्हाइकापेक्षा कामगारावरच जास्त रोखलेला असतो. तुमचे शंभर-दोनशे रुपये वाचतील, आणि चोरीचा शिक्का लागून तो बाहेर पडला तर दुसऱ्या दुकानात त्याला कोण घेणार? मुलांनीही आधीच सांगून ठेवावे: "मावशी, दुकानात ये, चांगला माल दाखवतो, पण बिल पूर्ण होणार." वाडीतले किराणा दुकान चालवणाऱ्यांनी उधारीची वही दर वेळी गिऱ्हाइकासमोर लिहून आकडा वाचून दाखवावा. महिनाअखेरीस "एवढे झालेच कसे?" हा प्रश्न आला तर नाते आणि पैसे दोन्ही जातात.

नुकसान कोणाच्या पगारातून?

हा भाग मालक असलेल्या आपल्या बांधवांनी लक्षपूर्वक वाचावा. माल कमी भरला, नकली व्यवहाराने फसगत झाली, वापरलेला ड्रेस परत आला, की महिन्याच्या पगारातून रक्कम कापली जाते. सगळ्या मुलींकडून सारखी कापायची, अशीही रीत काही ठिकाणी असते. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार जो माल किंवा पैसा स्पष्टपणे त्या कामगाराच्या ताब्यात दिलेला होता आणि ज्याचे नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झाले, त्याचीच कपात करता येते. तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. १९३६च्या वेतन कायद्यातही हेच तत्त्व होते. लबाड गिऱ्हाइकाचे पाप गरीब मुलीच्या पगारात वळते करणे हा कायद्याने आणि धर्माने अन्याय आहे. परतीचा नियम मोठ्या अक्षरांत भिंतीवर आणि बिलावर छापा, आणि मुलीने तो पाळला की तिच्या पाठीशी उभे राहा. सगळ्यांसमोर तिला खोटे पाडू नका. बसायला एक स्टूलही द्या. दुकानातील कामगारांना बसण्याची सोय मिळावी म्हणून केरळला २०१८ साली आणि तामिळनाडूला २०२१ साली कायदा बदलावा लागला. आपण कायद्याची वाट कशाला पाहायची?

आणि आपण सारे गिऱ्हाईक आहोतच. वापरलेली वस्तू परत करून आलेला, चुकून जास्त आलेले सुट्टे खिशात घातलेला कोणी हे वाचत असेल तर पापनिवेदनाला जाताना भरपाईचाही विचार करावा. धर्मशिक्षण ग्रंथ (२४१२) घेतलेले परत करायला सांगतो, आणि जक्कयने तर (लूक १९:८) चौपट देण्याची तयारी दाखवली. दुकानात जाऊन "परवा तुम्ही मला शंभर रुपये जास्त दिले होते" एवढे म्हटले तरी पुरते. गल्ल्यावरच्या पोरीला ते पैसे कदाचित स्वतःच्या खिशातून भरावे लागले असतील.

वाडीतल्या सभेसाठी प्रश्न: आपल्या वाडीत दुकानात काम करणारे किती जण आहेत, आणि रविवारी त्यांना मिस्साला यायला मिळते का? योहान १८:१९-२३ वाचून, त्यांच्यापैकी कोणाला सांगावेसे वाटले तर या आठवड्यात काउंटरवर काय घडले ते त्यांच्याकडून ऐकावे. नाताळ आणि लग्नाच्या खरेदीत आपल्यापैकी कोणी ओळखीच्या मुलाकडे "जमव" असे म्हटले आहे का? आपल्या वाडीतील दुकानमालक परतीचा नियम भिंतीवर लावायला तयार आहेत का, आणि नसतील तर अडचण कोणती आहे?